सबब कोणती, धारणा कोणती: लैंगिक गुन्ह्यातील बंद्यांच्या विचारविकृतीचे मूल्यमापन आणि उपचार

‘माझ्या हातून घडलं.’ लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसासमोर पहिल्यांदा बसणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने हे वाक्य ऐकण्याची तयारी ठेवावी, आणि ते ऐकताच कागदावर ‘जबाबदारी नाकारतो’ असे लिहून टाकण्याचा मोह आवरावा. मराठीत हातून भांडे पडते, हातून पाप घडते आणि हातून पुण्यही घडते; या एका रचनेत लाज, नम्रता, पश्चात्ताप आणि पळवाट असे सगळेच मावते. समोरच्या माणसाच्या वाक्यात त्यातले नेमके काय आहे, हे कसे ठरवावे आणि ठरवल्यावर पुढे काय करावे, एवढाच या मार्गदर्शिकेचा विषय आहे. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात जाणारे समुपदेशक, शासकीय किंवा खासगी रुग्णालयांतील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, परिवीक्षा अधिकारी आणि न्यायालयासाठी किंवा बाल न्याय मंडळासाठी अहवाल लिहिणारे सहकारी यांना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

संशोधनातून हाती काय लागते

‘विचारविकृती’, म्हणजे वास्तवाचा चुकीचा किंवा सोयीचा अर्थ लावण्याची विचारांची सवय, ही कल्पना मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यग्रस्तांच्या विचारांचे वर्णन करताना पुढे आणली. लैंगिक गुन्ह्यांच्या अभ्यासात ती जीन एबल, ज्युडिथ बेकर आणि सहकाऱ्यांच्या १९८४ मधील लेखामुळे रुजली. त्यांचे म्हणणे असे होते की, मुलांविषयी लैंगिक ओढ असणाऱ्या प्रौढाला आपली ओढ आणि समाजाचा नियम यांतला विरोध जाणवतो, आणि तो विरोध बोथट करण्यासाठी तो ‘मूल काही बोलले नाही, म्हणजे त्याला चालते’ अशा समजुती बांधत जातो. त्याच वर्षी डेव्हिड फिंकेलहोर यांनी बाललैंगिक अत्याचाराच्या चार पायऱ्या मांडल्या: इच्छा असणे, आतला लगाम सुटणे, बाहेरचा पहारा चुकवणे आणि मुलाचा विरोध मोडणे. विकृत विचार प्रामुख्याने दुसऱ्या पायरीवर काम करतो, म्हणजे तो इच्छा निर्माण करतोच असे नाही, पण लगाम ढिला करतो.

पुढच्या वीस वर्षांत मात्र या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी गोळा झाल्या. कृत्यापूर्वीपासून मनात असलेली, कृत्याला परवानगी देणारी समजूत, म्हणजे धारणा, ही एक. कृत्यानंतर पोलीस, न्यायालय, बायको आणि स्वतःचे मन यांच्यापुढे मांडलेला खुलासा, म्हणजे सबब, ही दुसरी. खुलाशांची वर्गवारी समाजशास्त्रज्ञ साइक्स आणि मात्झा यांनी १९५७ मध्येच केली होती. जबाबदारी नाकारणे, इजा नाकारणे, पीडिताला पीडित न मानणे, दोष देणाऱ्यांनाच दोष देणे आणि मोठ्या निष्ठेचा आधार घेणे ही ती पाच तंत्रे होत. २००६ मध्ये शॅड मरुना आणि रूथ मान यांनी विचारले की, प्रत्येक माणूस चुकीनंतर जे करतो तेच गुन्हेगाराने केले की आपण त्याला विकृती का म्हणतो? मुंबई नाक्यावर सिग्नल तोडणारा माणूसही हवालदाराला ‘दवाखान्यात जायचं होतं, साहेब’ असेच सांगतो, आणि ‘मी मुळात नियम न पाळणारा माणूस आहे’ असे सांगणारा विरळाच. तो जर भेटला तर त्याचीच अधिक काळजी करावी लागेल.

आकडेही हाच भेद दाखवतात. हॅन्सन आणि मॉर्टन-बुरगाँ यांनी २००५ मध्ये ८२ अभ्यासांतील २९,४५० व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा गुन्हा नाकारणे आणि पीडितेविषयी सहानुभूतीचा अभाव या दोन गोष्टींचा पुन्हा लैंगिक गुन्हा करण्याशी जवळपास काहीच संबंध आढळला नाही. उलट विकृत लैंगिक आकर्षण आणि एकूणच समाजविरोधी वृत्ती यांचा संबंध ठळक होता. हेल्मस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ४६ नमुन्यांतील १३,७८२ व्यक्तींवरून दाखवले की, लैंगिक अत्याचाराला पाठबळ देणाऱ्या धारणा पुढील गुन्ह्याचा अंदाज देतात; हा संबंध लहान आहे, पण तो आहे.

म्हणून या कामाचा पहिला नियम असा: सबब ऐकून घ्यावी, धारणा शोधावी. आपल्याकडच्या बहुतेक अहवालांची अडचण हीच असते की, त्यांत सबबींची यादी मोठी असते आणि धारणेविषयी एक ओळही नसते.

बसण्यापूर्वी

समोरचा माणूस खटल्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे आधी पाहावे. भारतातील तुरुंगांत साधारणपणे चारपैकी तीन बंदी न्यायाधीन, म्हणजे बोलीभाषेत ‘कच्चे’ असतात. कच्च्या कैद्याशी घटनेच्या तपशिलात शिरू नये. वकील आणि अशील यांच्यातील संवादाला पुरावा कायद्याने जे संरक्षण दिले आहे ते मानसशास्त्रज्ञाच्या मुलाखतीला नाही, आणि आपल्याला साक्षीसाठी बोलावले जाऊ शकते. अशा वेळी झोप, आत्महत्येचा विचार, व्यसन, कुटुंब यांपुरतेच काम ठेवावे. शिक्षा झालेल्या, म्हणजे सिद्धदोष बंद्याचेही अपील प्रलंबित आहे का, हे विचारून घ्यावे.

गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत, त्याच्या भाषेत आणि लेखी द्याव्यात. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो, याच्या कलम १९ नुसार बालकावर अत्याचार झाल्याची माहिती किंवा होण्याची शंका असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. बोलता बोलता त्याने आजवर उघड न झालेल्या एखाद्या मुलाचा उल्लेख केला, तर ‘हे आपल्यातच राहील’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. ही गोष्ट नंतर सांगितली की विश्वासघात वाटतो. आधी सांगितली की तो काय बोलायचे ते स्वतः ठरवतो. ‘तुम्ही ज्या मुलाविषयी आधी कोणालाच सांगितलं नाही असं काही मला सांगितलंत, तर मला ते पोलिसांना कळवावं लागेल’ इतके सरळ वाक्य पुरेसे आहे.

सत्यशोधक यंत्राविषयी कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे: सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या करण्यास मनाई केली आहे. उपचारात तर त्यांचे काहीच काम नाही.

मुलाखतीच्या जागेचा आग्रह धरावा. शिपाई नजरेच्या टप्प्यात असावा, कानाच्या टप्प्यात नसावा. लैंगिक गुन्ह्यातील बंदी, विशेषतः लहान मुलाच्या प्रकरणातला, बराकीत सर्वांत खालच्या पायरीवर असतो; त्याचे बोलणे बाहेर गेले तर त्याला मार बसू शकतो. म्हणून हजेरीच्या वहीत भेटीचे कारण ‘समुपदेशन’ एवढेच लिहावे.

आणि मुलाखतीआधी न्यायनिर्णय, वैद्यकीय अहवाल आणि पीडितेचा जबाब वाचावा. आपण न्यायालय नव्हे, तेव्हा निकाल चूक की बरोबर या वादात पडू नये. पण घटनेची न्यायालयाने मान्य केलेली हकिकत हाती नसेल, तर त्याच्या सांगण्यातून काय गळले हे कळायला मार्गच राहत नाही. पीडितेचे नाव, गाव, शाळा यांतले काहीही आपल्या टिपणांत येऊ देऊ नये. ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेत आणि पोक्सोत स्वतंत्र गुन्हा आहे.

वाचताना आणखी एक गोष्ट तपासावी. पोक्सोखाली शिक्षा झालेला प्रत्येक जण विकृत धारणेचा असतो असे नाही. सतरा वर्षांच्या मुलीबरोबर पळून गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आणि घरात राहणाऱ्या आठ वर्षांच्या भाचीवर वर्षभर अत्याचार करणारा चाळिशीचा माणूस एकाच कायद्याखाली एकाच बराकीत असू शकतात. कायद्यापुढे अठरा वर्षांखालील संमतीला अर्थ नाही, हे पहिल्यालाही समजावून सांगावेच लागते. पण त्याला दुसऱ्याच्या उपचारगटात बसवणे हा आळस आहे, आणि त्याने पहिल्याचे नुकसानच होते.

कसे ऐकावे

या भागावर सर्वाधिक वेळ द्यावा. टोनी वॉर्ड आणि थॉमस कीनन यांनी १९९९ मध्ये असे मांडले की, सुट्या सुट्या विकृत वाक्यांच्या मुळाशी थोडीच अव्यक्त गृहीतके असतात, आणि मुलांवर अत्याचार करणाऱ्यांत त्यांना अशी पाच दिसली: मुलांनाही लैंगिक इच्छा असते, यात काही इजा होत नाही, मला हक्क आहे, जग धोक्याचे आहे, आणि हे माझ्या ताब्यात नव्हते. पोलाशेक आणि वॉर्ड यांनी २००२ मध्ये प्रौढ स्त्रियांवर बलात्कार करणाऱ्यांविषयी असाच आराखडा दिला, त्यात स्त्रिया कळत नाहीत, त्या भोगासाठीच असतात आणि पुरुषाची वासना आवरता येत नाही ही गृहीतके येतात; हक्क आणि धोक्याचे जग ही दोन दोन्हीकडे आहेत. हे आराखडे परदेशात तयार झाले, पण त्यांचे मराठी अवतार ओळखायला कठीण नाहीत.

‘आजकालच्या पोरींना सगळं कळतं’ हे वाक्य पहिल्या गृहीतकाचे. ‘लाड करत होतो’, ‘कुठं काय झालं तिला, शाळेत जातेय की’ ही इजा नाकारणारी. ‘माझ्या खर्चावर जगतात सगळे’, ‘घरातलीच आहे’, क्वचित ‘मामाचा हक्कच असतो’ यांतून हक्काची धारणा डोकावते. मामाच्या नात्याने लग्नाचा हक्क सांगण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत थट्टेत का होईना जिवंत आहे. म्हणून हे वाक्य ऐकल्यावर तो चालीविषयी बोलतो आहे की कृत्याविषयी, हे विचारूनच ठरवावे. ‘जमिनीच्या बांधावरून खोटी केस केली’, ‘बायकांचाच कायदा आहे’ यांत जग शत्रू असल्याची धारणा असू शकते, आणि बांधाचा वाद खरोखर असूही शकतो. ‘पाय घसरला’, ‘तोल गेला’, ‘प्यालो होतो’, ‘पुरुषाची जात आहे, साहेब’ ही ताबा सुटल्याची भाषा. यातली पहिली तीन बहुधा सबबी असतात, चौथी मात्र धारणा असण्याची शक्यता जास्त, कारण ती एका रात्रीविषयी बोलत नाही, सगळ्या पुरुषांविषयी बोलते.

या शेवटच्या फरकावरूनच एक उपयोगी कसोटी मिळते. वाक्य भूतकाळातील एका प्रसंगापुरते आहे, की नेहमीच्या वर्तमानकाळात सर्वांना लागू करून बोलले आहे? ‘तिनं नाही म्हटलं नाही’ हे प्रसंगाविषयी. ‘बाई नाही म्हणतेच, तिचा अर्थ तसा नसतो’ हे जगाविषयी. दुसऱ्या प्रकारच्या वाक्याला टिपणात अधोरेखित करावे. दुसरी कसोटी काळाची: ही समजूत घटनेपूर्वी होती का? ‘हे तुम्हाला केव्हापासून वाटतं?’, ‘अटक झाली नसती तर आजही असंच वाटलं असतं का?’ असे विचारावे. तिसरी कसोटी अशी की, तीच समजूत त्याच्या आयुष्यात इतरत्र दिसते का? बायकोशी वागणे, कामावरच्या स्त्रियांविषयी बोलणे, वाहिनीवरच्या बातमीवर त्याची प्रतिक्रिया यांत ती आढळली, तर ती सबब उरत नाही.

कलमाआड लपणे ही तुरुंगातील खास सवय आहे. ‘तीनशे शहात्तरमध्ये आलो’ असे म्हणणाऱ्याला कृत्याचे नाव घ्यावे लागत नाही. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि कलमांचे आकडे बदलले, तरी जिभेवरचा जुना आकडा गेलेला नाही. त्याला लगेच टोकू नये. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ‘तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणावे, आणि तो कोणता शब्द निवडतो ते लिहून ठेवावे.

भाषेचा प्रश्न इथे केवळ सौजन्याचा नाही. मालेगाव, सटाणा, कळवणकडचा माणूस घरी अहिराणी बोलतो. सुरगाणा, पेठकडचा कोकणा बोलतो. ‘संमती’ हा शब्द त्याने न्यायालयात पहिल्यांदा ऐकलेला असतो, आणि त्याला तो सही-अंगठ्यासारखा काहीतरी कागदी प्रकार वाटतो. म्हणून ‘तिची संमती होती का?’ असे विचारण्याऐवजी ‘तिची तयारी आहे असं तुम्हाला कशावरून वाटलं?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर येते. दुसऱ्याला त्याची धारणा उत्तर देते.

प्रश्नावल्या: किती विश्वास ठेवावा

एबल आणि बेकर यांची २९ विधानांची मापिका, आणि कर्ट बंबी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मोलेस्ट’ (३८ विधाने) व ‘रेप’ (३६ विधाने) या मापिका या क्षेत्रात सर्वाधिक वापरल्या गेल्या. बलात्काराविषयीच्या लोकभ्रमांचे मापन मार्था बर्ट यांनी १९८० मध्ये सुरू केले. या सर्वांची एक उघड दुबळी बाजू आहे: विधान वाचताच कोणते उत्तर चांगले दिसेल हे कळते. शिक्षेतील माफी, बराकीतले हलके काम किंवा न्यायालयापुढचा अर्ज डोळ्यांसमोर असलेला माणूस ‘पूर्णपणे असहमत’ याच रकान्यात खुणा करत जाईल, हे गृहीत धरावे. टेरेसा गॅनन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना खोटेच सत्यशोधक यंत्र जोडून तीच विधाने पुन्हा विचारली, तेव्हा विकृत विधानांना होकार वाढला. हा प्रयोग उद्बोधक आहे, पण त्याची नक्कल कारागृहात करू नये. फसवणुकीवर उभा राहिलेला उपचार फार दिवस टिकत नाही.

त्याहून मोठी अडचण भाषांतराची. आपण घरी बसून केलेल्या मराठी भाषांतराला मानके, म्हणजे गुणांची तुलना करण्यासाठीचे तक्ते, नसतात; त्यावरचा गुण परदेशी तक्त्याशी ताडून ‘उच्च’ किंवा ‘मध्यम’ असे अहवालात लिहिणे, आणि तो अहवाल न्यायालयात जाणे, हे व्यावसायिक चूक म्हणावे इतके गंभीर आहे. मग प्रश्नावली का वापरावी? बोलणे सुरू करण्यासाठी. विधाने वाचून दाखवावीत, उत्तराची खूण करावी, आणि मग ज्या विधानांवर तो अडखळला, हसला, किंवा ‘तसं नाही, पण…’ म्हणाला, त्या विधानांवर परत यावे. ‘पण’नंतरचे वाक्य हेच खरे मूल्यमापन असते. अक्षरओळख नसलेल्यालाही ही पद्धत चालते.

अहवालातील मांडणी

मूल्यमापनाच्या शेवटी एक परिच्छेद असा लिहिता आला पाहिजे, ज्यात कोणती धारणा, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या कृतीला परवानगी देते हे सांगितलेले असेल. उदाहरणार्थ, एका काल्पनिक बंद्याविषयी: ‘घरातील अवलंबून असलेल्या व्यक्तींवर आपला अधिकार चालतो, ही त्यांची धारणा घटनेपूर्वीपासून दिसते आणि ती पत्नीविषयीच्या बोलण्यातही येते. नोकरी सुटल्यानंतरच्या काळात, दिवसा घरी एकटे असताना, या धारणेने कृत्याला वाट दिली. मद्यपानाचा उल्लेख ते कारण म्हणून करतात. तथापि न्यायनिर्णयातील सहापैकी चार प्रसंगी मद्यपानाची नोंद नाही.’ एवढे लिहिले की उपचार कशावर करायचा ते ठरते. ‘पश्चात्ताप दिसून येत नाही’ या वाक्याने काहीच ठरत नाही, आणि दुर्दैवाने तेच वाक्य सर्वांत अधिक वेळा लिहिले जाते.

उपचार

उपचाराने काही होते का, हा प्रश्न कारागृहातील अधिकारी हमखास विचारतात आणि त्याचे प्रामाणिक उत्तर तयार ठेवावे. इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांत चालवल्या गेलेल्या मोठ्या मुख्य कार्यक्रमाचे मूल्यमापन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्के, तर तुलनेसाठी निवडलेल्या, उपचार न घेतलेल्यांपैकी ८ टक्के व्यक्तींनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता. तो कार्यक्रम बंद करण्यात आला. त्याउलट गॅनन आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणात पुन्हा लैंगिक गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण उपचार घेतलेल्यांत ९.५ टक्के आणि न घेतलेल्यांत १४.१ टक्के आढळले, आणि जिथे पात्र मानसशास्त्रज्ञ स्वतः सातत्याने उपस्थित होता तिथे परिणाम अधिक चांगला होता. २००९ मध्ये हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २३ मूल्यमापने तपासून दाखवले की, ज्याचा धोका जास्त त्याला उपचार जास्त, गुन्ह्याशी प्रत्यक्ष निगडित गरजांवर भर, आणि माणसाच्या शिकण्याच्या कुवतीप्रमाणे पद्धत, ही तीन तत्त्वे पाळणारे कार्यक्रमच सर्वांत परिणामकारक ठरतात. थोडक्यात, वाईट पद्धतीने केलेला उपचार न केलेल्यापेक्षा बरा, असे समजण्याचे कारण नाही.

वाईट पद्धत कोणती, याविषयी बरीच स्पष्टता आहे. विल्यम मार्शल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत उपचारकाची आस्था, ऊब, प्रोत्साहन आणि दिशा देण्याची हातोटी यांचा लाभ दिसला, तर अंगावर धावून जाणाऱ्या खडसावणीने उलट परिणाम दिसला. आपल्याकडे ‘चांगला फैलावर घेतला’ हे कौतुकाने सांगितले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहावे लागते. फैलावर घेतलेला माणूस सबब आणखी घट्ट धरतो किंवा आपल्याला हवे ते बोलून मोकळा होतो. ऊब म्हणजे सहमती नव्हे. त्याच्या वाक्याला मान डोलावू नये, आणि त्याच्यावर आवाजही चढवू नये. त्याच्याच वाक्याला प्रश्न विचारावा.

हा प्रश्न कसा असतो ते एका काल्पनिक संवादावरून पाहावे.

‘तुम्ही म्हणालात, तिनं काही म्हटलं नाही. तिनं काय केलं असतं म्हणजे तुम्ही थांबला असता?’

‘ओरडली असती तर थांबलो असतो, साहेब.’

‘घरात त्या वेळी आणखी कोण होतं?’

‘कोणी नव्हतं.’

‘मग ओरडली असती तर कोणाला ऐकू गेलं असतं?’

‘…मलाच.’

इथे थांबावे. पुढचे वाक्य आपण बोलून टाकले की ते आपले होते, त्याचे राहत नाही. शांतता दोन मिनिटे टिकली तरी चालेल. त्या दिवसाची बैठक तिथेच संपवून पुढच्या भेटीत ‘मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, मलाच ऐकू गेलं असतं’ असे म्हणून सुरुवात करावी.

धारणेवर काम करण्याची दुसरी रीत म्हणजे घटनेच्या मागे मागे जाणे. ‘घडलं’ या शब्दाचे तुकडे करावेत. मुलगी घरी एकटी कशी होती? तिचा भाऊ दुकानात गेला होता. त्याला कोणी पाठवले? पैसे कोणी दिले? दार कोणी लोटले? पाटीवर किंवा कागदावर एकेक पायरी लिहीत गेले की, सात-आठ ठिकाणी ‘मी’ हा कर्ता आपोआप येतो, आणि ‘तोल गेला’ हे वर्णन त्याला स्वतःलाच अपुरे वाटू लागते. प्रत्येक पायरीसमोर ‘त्या वेळी मनात काय म्हटलंत?’ असे विचारून ते वाक्यही लिहावे. धारणा सापडते ती याच रकान्यात. मात्र कृत्याचे लैंगिक तपशील पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नयेत. त्याचा उपचाराला उपयोग नाही, आणि काहींच्या बाबतीत तो उजळणीसारखा होतो.

पीडितेच्या जागी स्वतःला ठेवून पत्र लिहायला लावण्याची प्रथा अनेक कार्यक्रमांत होती. संशोधनात तिला फारसा आधार नाही, हे वरच्या आकड्यांवरून ध्यानात आले असेल. इजा होते ही माहिती अवश्य द्यावी, कारण काहींना ती खरोखर नसते; पण पत्रात उतरलेल्या अश्रूंना प्रगती समजू नये. आणि असे पत्र कोणत्याही परिस्थितीत पीडितेपर्यंत जाऊ देऊ नये.

धारणा एकटी बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावे. व्यसन, एकटेपणा, राग आवरता न येणे, प्रौढ व्यक्तीशी जवळीक साधता न येणे, सुटल्यावर काम नसणे, यांवर काम झाले नाही तर नुसत्या विचारांवरचे काम हवेत राहते. मुलांविषयी स्थिर लैंगिक आकर्षण आढळले तर तो प्रश्न धारणेचा नसतो. अशा बंद्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

किशोरवयीनांसाठी वरील सर्व जसेच्या तसे वापरू नये. त्यांच्या धारणा अजून घडत असतात, बहुतेकदा मोबाइलवर पाहिलेल्या चित्रफितींतून आणि मोठ्या मुलांच्या बढायांतून आलेल्या असतात, आणि कुटुंबाला सोबत घेतल्याशिवाय काम पुढे जात नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १५ खालील प्राथमिक मूल्यमापनात मुलाची क्षमता आणि घटनेची परिस्थिती विचारलेली असते. त्यात ‘विकृत विचारांचा मुलगा’ असे शिक्के मारण्याचे काम आपले नाही.

सुटकेपूर्वी

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. याचा अर्थ सुटलेला माणूस पुष्कळदा त्याच वाड्यात, त्याच वस्तीवर, सिडकोतल्या त्याच जिन्यावर परत जाणार असतो. घरचे लोक मुलाखतीच्या दिवशी आपल्याला गाठून ‘आता सुधारलाय ना, साहेब?’ असे विचारतात. हो किंवा नाही असे उत्तर देऊ नये. घरात अठरा वर्षांखालील कोण आहे, तो त्यांच्याबरोबर एकटा राहणार नाही याची जबाबदारी कोण घेणार, आणि पीडितेचे कुटुंब किती अंतरावर आहे, हे तीन प्रश्न आपणच विचारावेत आणि उत्तरे परिवीक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवावीत. पीडितेच्या घरी तडजोडीचा निरोप नेण्याची विनंती झाली तर ती तिथल्या तिथे नाकारावी.

बदल झाला का, हे ठरवताना शेवटच्या बैठकीतील भाषेवर विसंबू नये. आपण शिकवलेलीच वाक्ये तिथे परत ऐकू येतात. सहा महिन्यांनी, शक्य असेल तर दुसऱ्या सहकाऱ्याकडून, आणि गुन्ह्याचा विषय न काढता, त्याला बराकीतल्या एखाद्या भांडणाविषयी किंवा बायकोच्या भेटीला न येण्याविषयी बोलते करावे. त्या बोलण्यात ‘माझा हक्क’ किती वेळा येतो, ते मोजावे आणि पहिल्या भेटीच्या टिपणाशेजारी लिहून ठेवावे.